हतनूर झालंच, पण रानपिंगळा?
"जळगावात केळी नि ऊन सोडून बघायचं काय?" असं कुणी तरी विचारलंय. भाऊ, थंडीत भल्या पहाटे पक्षी बघायला भुसावळजवळ हतनूर धरणावर जा. चक्रवाक, पट्टकादंब, आणि नशीब असेल तर भगव्या डोक्याची, लालभडक चोचीची मोठी लालसरी. गावात मेहरूण तलाव आहेच, फिरायला येणाऱ्यांची गर्दी तेवढी सोसायची.

पण खान्देशचा खरा मान रानपिंगळ्याचा, म्हणजे जंगलातल्या एका छोट्या घुबडाचा. १८८४ नंतर कुणाला दिसलाच नव्हता, संपला असं धरून चालले होते. १९९७ साली सापडला तो आपल्या शहाद्याजवळ! सातपुड्यात सागाच्या बोडक्या शेंड्यावर भर दिवसा बसतो, शेपटी झटकत. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपकेच ठिपके, याच्या जवळजवळ नाहीतच. फक्त मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून बोलावू नका, एवढी कृपा करा.