हॉरर सिनेमे बघून अजून भीती वाटते का? आपापले किस्से सांगा

परवा रात्री घरात एकटीच होते, म्हटलं आज एखादा जबरी हॉरर बघू. दिवे बंद केले, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं, सगळं साग्रसंगीत. अर्ध्या तासाने सिनेमातली बाई तळघराच्या पायऱ्या उतरायला लागली आणि मी काय केलं, तर पॉज. खाली तो पट्टा आला, अजून ५२ मिनिटं बाकी. म्हणजे ही बाई आत्ता काही मरत नाही! झालं, भीती तिथेच संपली. पुढचा सगळा सिनेमा मी हातात मोबाइल घेऊन बघितला, शेवटी भूत आलं तेव्हा मी कुणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा टाइप करत होते.

आणि हीच मी शाळेत असताना भुताचा सिनेमा बघितला की पुढचा आठवडाभर रात्री बाथरूमला जायला आईला उठवायचे. आई दाराबाहेर उभी आहे ना हे कळायला आतून सारखं काहीतरी विचारत राहायचं, उत्तर यायला उशीर झाला की संपलंच.

तर सिनेमे पचपचीत झालेत की मी निबर झालेय? तुम्हाला अजून भीती वाटते का, कशाची वाटते, आणि मुळात मजा येते का? नुसतं हो-नाही नको, किस्सा हवा. शेवट तेवढे फोडू नका प्लीज.

---

माझं एकच उत्तर, तात्या विंचू. 'झपाटलेला' आला १९९३ ला, लोक त्याला कॉमेडी म्हणतात, लक्ष्या आहे म्हणून हसायचं म्हणे. मी तेव्हा सहा वर्षांचा. अख्खं थिएटर हसतंय आणि मी दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसलोय, कारण बाहुला छोटा, म्हणजे खुर्चीखाली मावणारच की! हे लॉजिक घरात कुणालाच पटलं नाही. ताईकडे एक बाहुली होती, आडवी केली की डोळे मिटायची, त्यातला एक डोळा अर्धाच मिटायचा. ती मी रोज रात्री कपाटात भिंतीकडे तोंड करून ठेवायचो आणि सकाळी ती परत पुढे बघत असायची. (ताईचे उद्योग. तिने कबूल केलं तेव्हा मी पस्तिशीला आलो होतो.) मोठेपणी कळलं की तो बाहुला म्हणजे रामदास पाध्ये यांची करामत, मग बसून त्यांचे बोलक्या बाहुल्यांचे व्हिडिओ बघितले, म्हटलं भीती मोडेल. उपयोग शून्य. आता उलट वाटतं की हात माणसाचा आहे हे दिसत असूनही बाहुला जिवंत वाटतोय, मग तर अजूनच अवघड.

---

मी बघतच नाही. यांना नाद आहे, हे बाहेरच्या खोलीत बघतात आणि मी आत पुस्तक घेऊन पडलेली असते, मला फक्त आवाज येतात. दाराची कुरकुर, मग काहीच नाही, मग अजून काहीच नाही. त्या काहीच नाहीने माझा जीव वर येतो. एकदा न राहवून बाहेर येऊन बघितलं तर पडद्यावर रबराचा मुखवटा घातलेला माणूस, हनुवटीखाली शिवण दिसत होती. हसूच आलं. आता नियमच केलाय, आवाज आला की उठून बघून यायचं, मग शांत झोप लागते.

---

वरच्या ताईंनी बरोबर नस पकडली. मी साउंड एडिटिंग करतो (हॉरर नाही हो, जाहिराती). दचकणं वेगळं आणि घाबरणं वेगळं. दचकणं ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे, मागे कुणी भांडं पाडलं तरी खांदे वर जातात, त्यात सिनेमाचं कौतुक काय? १९४२ चा 'कॅट पीपल' आहे, त्यात एक बाई रात्री रस्त्याने एकटी चाललीय, मागे पावलं वाजतायत, मग ती पावलं बंद होतात. ती पळत सुटते, आता झडप पडणार असं वाटतं आणि फिस्स करून शेजारी बस येऊन थांबते. बस! निर्माता होता व्हॅल ल्यूटन, त्यामुळे असल्या हुलकावणीला सिनेमावाले अजून 'ल्यूटन बस' म्हणतात.

आता माझं दुखणं ऐका. त्या सीनची ताकद बसमध्ये नाहीच्चे, पावलं बंद होतात तिथे आहे. आपण कान टवकारतो, आणि टवकारलेल्या कानात साधा ब्रेकचा आवाजही सुरीसारखा जातो. आजकाल पावलं गाळतात आणि नुसत्या बसेस सोडतात, दर आठ-दहा मिनिटांनी एक. पहिल्या तीनला दचकतो, नंतर कान बधिर. रात्री बघत असाल तर शेजारच्यांची झोप जाईल म्हणून आपण आवाज कमी-जास्त करत बसतो ती मजा वेगळीच.

---

यात 'जॉज' पण धरा, १९७५. तो यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बंद पडायचा म्हणून स्पीलबर्गने कॅमेरा पाण्याच्या पातळीवर ठेवला, पिवळी पिंपं तरंगवली, आणि बाकी संगीतावर सोडलं. शार्क धड चालला असता तर पहिल्या पाच मिनिटांत दिसला असता आणि आपण निवांत पोहायला गेलो असतो.

---

मी वीसेक वर्षं प्रोजेक्टर चालवलाय, रिळांच्या काळात. आम्ही सिनेमा बघायचो नाही, बघणारे बघायचो. केबिनच्या छोट्या काचेतून नुसत्या डोक्यांच्या रांगा दिसायच्या, मशीनचा खडखडाट एवढा की डायलॉग धड ऐकू यायचा नाही. एक रीळ वीसेक मिनिटांचं, संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर ठिपका चमकायचा, त्या पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर चालू करायची आणि दुसऱ्याला चित्र बदलायचं. सगळं लक्ष त्या कोपऱ्यात.

एक भुताचा सिनेमा आमच्याकडे तीन आठवडे चालला, दिवसाला चार खेळ. तिसऱ्या रिळात एक बाई वाफ धरलेला आरसा पुसायची. तिथे सगळी डोकी एकदम खाली जायची, उभ्या पिकातून वारा जावा तशी, आणि किंचाळी विरायच्या आत हशा. फुल हाउसला कधी चुकलं नाही. पण बारा-पंधराच लोक असले की किंचाळी यायची, हशा यायचा नाही. लोक आधी शेजारी बघायचे, शेजारी कुणी नसायचं, मग मान वळवून वर केबिनच्या उजेडाकडे बघायचे. म्हणजे माझ्याकडे.

उतरायच्या दिवशी जोडीदार म्हणाला, मी बघतो मशीन, तू एकदा खाली बसून बघ. गेलो. ऐंशीच्या वर वेळा चालवलेला सिनेमा, ती आरसा कधी पुसणार हे मला सेकंदावर पाठ, शेवटचा खेळ म्हणून गर्दी पण नव्हती. तरी मान खाली गेलीच. आणि त्याहून वाईट म्हणजे मी पण मागे वळून वर बघितलं. जोडीदार काचेतून हात हलवत होता, खदाखदा हसत.

---

काका, भारी!! उभा राहिलो वाचून.

माझं थोडं उलट आहे, शिव्या घालू नका, मी हॉरर दीडपट स्पीडला बघतो. होस्टेलवर पाच जण एका लॅपटॉपवर, ज्याच्या मांडीवर लॅपटॉप त्याने भूत येताना हलायचं नाही अशी अट, हलला की पुढच्या वेळी तोच. सिनेमा कसा होता ते आठवत पण नाही, कोण किती वेळा हलला ते आठवतं.

---

दीडपट! अरे मग ती पावलं थांबतील कधी?

१९९९ ला 'ब्लेअर विच प्रोजेक्ट' आला तेव्हा मी कॉलेजात होतो. तीन पोरं जंगलात शूटिंगला गेली, हरवली, आणि हे त्यांच्या कॅमेऱ्यात सापडलेलं फुटेज, असं सांगून सिनेमा विकला होता, वेबसाइटवर सुद्धा पोरं बेपत्ता म्हणूनच होती. आमच्या ग्रुपमध्ये दोन तट पडले आणि खरं मानणाऱ्यांत मी होतो. त्यात चेटकीण एकदाही दिसत नाही, तरी मला पुढे कित्येक महिने काड्यांची मोळी दिसली की कसंतरी व्हायचं. मागच्या वर्षी मोठ्या हौसेने भाच्याला दाखवला. त्याने दहाव्या मिनिटाला सर्च करून सांगितलं, मामा हे तिघं ॲक्टर आहेत, जिवंत आहेत. आणि विसाव्याला विचारलं, मामा, भूत कधी येतं?

---

मला भूतबीत आता नाही वाटत, पण लेकरू झाल्यापासून बाकी सगळंच वाटतं. 'लपाछपी' (२०१७) मी लेक चार महिन्यांची असताना बघितला, म्हणजे बघायचा नव्हता, टीव्हीवर लागला. गरोदर बाई, लख्ख ऊन, आणि चारी बाजूंनी ऊस. अंधार असता तर डोळे मिटले असते पण उन्हात काय मिटणार? बंद करावा म्हटलं तर रिमोट समोरच्या टेबलवर आणि लेक दीड तासाच्या रडारडीनंतर नुकती मांडीवर झोपलेली. उठले असते तर जागी झाली असती. तर तिच्या पाठीवर हात ठेवून पूर्ण सिनेमा बघितला, जाहिरातीत श्वास घेतला. पाय बधिर झाला होता तो नंतर कळला. आत्तापर्यंतचा माझा सगळ्यात भयानक सिनेमा तोच, आणि खरं सांगू, त्यानंतर कुठलाच तितका आवडला पण नाही.

---

आम्ही भावंडं फक्त भिकार हॉरर बघतो, ठरवून. एका सिनेमातल्या शंभर वर्षं जुन्या भुताच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा दिसत होता, उन्हात रापलेल्या हाताला असतो तसा. चांगल्या सिनेमाने एवढं सुख कधी दिलं नाही.

---

धागा काढला तेव्हा वाटलं नव्हतं इतकं येईल, रात्री एक वाजेपर्यंत वाचत बसले. प्रोजेक्टरवाल्या काकांचा किस्सा घरात वाचून दाखवला.

लेकीच्या आईचं वाचून एक प्रयोग केला. माझा मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला, रिमोट मुलीच्या ताब्यात (ती सोळाची आहे, तिला कशाचीच भीती वाटत नाही असं तिचं म्हणणं), आणि पॉज मागायचा नाही असा करार. तोच तळघरवाला सिनेमा, पहिल्यापासून. बाई पायऱ्या उतरायला लागली, मला पुढचं सगळं माहीत, तरी पोटात गोळा. तेवढ्यात फट्‌कन टीव्ही बंद. मुलीनेच केला. म्हणाली, आई, दिवा लाव ना.

बाकीचा बघायचा राहिलाय. रविवारी बघू म्हणते, दुपारी.