"पोरांना नाही म्हणायला शिकवा" म्हणे! मग सामन्यात जाहिरात कुणासाठी लावता?

रानवारा
काल इथे एकाने लिहिलं, "टीव्हीवरच्या एनर्जी ड्रिंकच्या जाहिरातींना कशाला शिव्या देता? पोरांना नाही म्हणायला शिकवा, प्रश्न मिटला." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

एनर्जी ड्रिंकची २० रुपयांची, २५० मिलीची बाटली घ्या. मधल्या सुट्टीत ती वडापावच्या जागी येऊन बसलीय, कारण पैसे तेवढेच लागतात. नियमाने त्यात लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन चालतं, म्हणजे एका बाटलीत ३६ ते ७५. "मुलांसाठी शिफारस नाही" हेही वेष्टनावर छापावंच लागतं. आणि जाहिरात कुठे लागते? संध्याकाळच्या क्रिकेट सामन्यात, जो नववी-दहावीची पोरं आईबापांच्या शेजारी बसून बघतात. वीस-वीस षटकांचे दोन डाव पूर्ण झाले तर षटकांच्या मधल्या जागा ३८. आयपीएल असेल तर अडीच-अडीच मिनिटांचे चार टाइम-आउट वेगळे, आणि विकेट पडली की आणखी एक संधी. दिसतं काय? दमलेला तरुण, एक घोट, वीज कडाडते, तो उडी मारतो. कॅफीनचा उल्लेखसुद्धा नाही. नाही म्हणायची वेळ येते दुकानात. "हे प्यायलं की अंगात जोर येतो" हे त्याच्या कितीतरी आधी, घरातल्या सोफ्यावर पक्कं झालेलं असतं.

जाहिरातींबाबतची २०२२ ची केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की चिप्स, कार्बोनेटेड पेयं वगैरेंची जाहिरात मुलांच्या कार्यक्रमात किंवा खास मुलांच्या चॅनेलवर करायची नाही. चौदाव्या वर्षी कार्टून चॅनेल कोण बघतं? जिथे नियम आहे तिथे हे वयच नाही.

दहासेकंद
३८ जागा मोजल्यात, ठीक. पण त्या सगळ्या एकाच मालाला मिळत नाहीत. वेळ दहा सेकंदांच्या दराने विकली जाते आणि सामन्याचा दर इतका चढा असतो की बहुतेकांना हात आखडून स्पॉट घ्यावे लागतात. शिवाय टीव्हीच्या मोजणीत "किशोरवयीन" असा गटच नाही. टीव्ही कोण किती बघतं हे मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे वयोगट २ ते १४, १५ ते २१, २२ ते ३०, असे पुढे जातात. "नववीची पोरं" असं लिहून कुणी मीडिया प्लॅन मागत नाही. जाहिरात मोजायचं माप जीआरपी, म्हणजे पोहोच गुणिले सरासरी वेळा. ४० टक्के लोकांना पाच-पाच वेळा दिसली की २०० जीआरपी. यात विक्रीचा आकडा कुठेच येत नाही. जाहिरात नाव लक्षात ठेवायला लावते, घ्यायचं की नाही ते दुकानात ठरतं.

रानवारा
गटच नाही, म्हणून जबाबदारीही नाही? चौदा वर्षांचा मुलगा दोन वर्षांच्या बाळाबरोबर मोजायचा, सतरा वर्षांचा एकवीसच्या तरुणाबरोबर. मग "आम्ही तरुणांना विकतो" म्हणायला तुम्ही मोकळे. तुम्ही माझंच म्हणणं पक्कं केलंत.

किराणा_कोपरा
"दुकानात ठरतं" म्हणत सगळं आमच्या गळ्यात मारू नका. काचेचा कूलर कंपनीचा असतो, लाइट बिल दुकानदाराचं. कुठल्या कप्प्यात काय, बाटलीचं तोंड कुठे, हे कंपनी ठरवते. सेल्समन येतो, दार उघडून फोटो काढतो. दुसऱ्या कुणाचं ताक किंवा पाणी दिसलं की "प्युअरिटी गेली" म्हणतो आणि पुढच्या पेटीवरची स्कीम बंद. टीव्हीवर जाहिरात सुरू व्हायच्या आधी माल उतरवून जातात आणि मधला कप्पा भरून घेतात. गिऱ्हाईक मागायला लागल्यावर माल नाही, असं त्यांना चालत नाही.

शाळेबाहेर
काका, मधल्या कप्प्याचंच बोला. आठवी-नववीच्या मुलाची नजर साडेचार फुटांच्या आसपास असते. नेमकी त्याच उंचीवर लाल बाटल्यांची रांग. ती सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवली तर मुलाला वाकून शोधावी लागेल. वरच्या रांगेत ताक, कोकम सरबत ठेवा. एवढं तर दुकानदाराच्या हातात आहे ना?

किराणा_कोपरा
नाहीये! वर सांगितलं ते वाचलंत का? कंपनीच्या कूलरमध्ये ताक ठेवलं तर उद्या कूलर उचलून नेतील. स्वतःचा फ्रिज घ्यायचा तर पैसे कोण देणार, शाळा?

शाळेबाहेर
मग नियम आमच्या बाजूने आहेत हे ऐका. जास्त साखर, मीठ, चरबीच्या पदार्थांची विक्री आणि जाहिरात शाळेच्या फाटकापासून कुठल्याही दिशेला ५० मीटरच्या आत चालत नाही, हे एफएसएसएआयचं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, २०२० चं नियमन आहे. एनर्जी ड्रिंकसाठी तर जुलै २०२४ मध्ये तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी विधान परिषदेत ५०० मीटरची बंदी आणू असं सांगितलं होतं.

किराणा_कोपरा
५०० मीटर म्हणजे तालुक्याच्या गावात अख्खी पेठ, एसटी स्टँडसकट. तीन शाळा असल्या तर दुकान कुठे टाकायचं, नदीत? चहात कॅफीन नसतं का? तो घरोघरी पाजता तेव्हा कुणाला काही वाटत नाही.

मोजपट्टी
चहाचा मुद्दा दर वेळी निघतो, म्हणून हिशोब मांडते. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये मुलांसाठी दिवसाला वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम ही मर्यादा धरली. ४५ किलोच्या मुलाला १३५ होतात. ७५ वाली एक बाटली त्यात बसते, हे मला मान्य करावं लागेल, आवडत नसलं तरी. दुसऱ्या बाटलीला १५० होतात आणि मर्यादा ओलांडली जाते, सकाळच्या चहाचं तर अजून धरलेलंच नाही. चहा गरम असतो, कप लहान, घोट घोट घेतला जातो. गार, गोड बाटली मैदानावर दोन मिनिटांत संपते. प्रौढाच्या शरीरातही कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी पाचला प्यायलेलं दहा वाजता अर्धं शिल्लक. पोरगं झोपत नाही, सकाळी डोळे उघडत नाहीत, मग पुन्हा तीच बाटली. आणि घामाने गेलेलं पाणी-मीठ भरून काढणं हे तिचं कामच नाही. खेळून आल्यावर पाणी, लिंबू, चिमूटभर मीठ, थोडी साखर पुरते. जाहिरातीत घाम आणि मैदान दाखवतात, तिथे खरी फसगत आहे.

दहासेकंद
घामाचा मुद्दा मान्य. ते दृश्य मुद्दाम निवडलेलं असतं, हे नाकारत नाही. पण उपाय काय? ब्रिटनने जानेवारी २०२६ पासून कमी आरोग्यदायी खाण्यापिण्याच्या जाहिराती टीव्हीवर रात्री नऊच्या आधी बंद केल्या. आपल्याकडे तसंच करा म्हणाल, तर आयपीएलचा रात्रीचा सामना साडेसातला सुरू होतो. नऊपर्यंत जेमतेम पहिला डाव होतो. शेवटची षटकं, जेव्हा सगळं घर टीव्हीसमोर असतं, ती मोकळीच राहतात.

रानवारा
म्हणूनच घड्याळ नको, कार्यक्रम धरा. थेट क्रिकेट सामना हा मुलंही बघतात असा कार्यक्रम माना. वर सांगितलेल्या २०२२ च्या तत्त्वांतच दुसरं कलम आहे: ज्या मालाच्या जाहिरातीत कायद्याने आरोग्याचा इशारा लागतो किंवा जो मुलांना विकत घेता येत नाही, त्याच्या मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातीत खेळ, संगीत, सिनेमातले चेहरे नकोत. एनर्जी ड्रिंक त्यातून निसटतं, कारण इशारा बाटलीवर सक्तीचा आहे, पडद्यावर नाही. "मुलांसाठी नाही" हे वाक्य जाहिरातीत मोठ्याने, मराठीत बोलायला लावा. दहा सेकंदांतले दोन जातील.

दहासेकंद
दोन सेकंद दिलेले कुठल्याच ब्रँडला परवडत नाहीत, कडाडून विरोध होईल. पण चालेल असा उपाय हाच आहे, हे कबूल करतो.

किराणा_कोपरा
पडद्यावर बोलायला लागले तर दुकानात "तुला नाही मिळणार" म्हणणं आम्हालाही सोपं जाईल. आज म्हटलं की पोरगा समोरच्या टपरीवर जातो. खालच्या कप्प्याचं मात्र कंपनीकडून लेखी आणा, मग मला सांगा.

शाळेबाहेर
लेखी मागायचं कुणाकडे, सेल्समनकडे की डिस्ट्रिब्युटरकडे?

किराणा_कोपरा
डिस्ट्रिब्युटरकडे. कूलरचा करार त्याच्याकडेच असतो. एकट्या दुकानदाराचं ऐकणार नाही, पेठेतली दहा दुकानं मिळून गेली तर ऐकेल. शाळेचं पत्र असेल तर तेही जोडा.