विंड चिलचा सराव-प्रोग्रॅम: उणे १० अंशांना उत्तर कमी गार, वारा शून्य असताना चक्क अधिक ६.९

नवाकोडर

पायथनच्या सरावात हवामानाच्या नोंदींवरून विंड चिल काढायचं आहे, म्हणजे वाऱ्यामुळे उघड्या त्वचेला जाणवणारं तापमान. सीएसव्ही फाइलमध्ये दर तासाची एक ओळ आहे: वेळ, तापमान (सेल्सिअस), वाऱ्याचा वेग. वेगाच्या कॉलमच्या मथळ्यात एकक लिहिलेलं नाही. दिलेलं सूत्र असं:

विंड चिल = १३.१२ + ०.६२१५ × ता − ११.३७ × वे^०.१६ + ०.३९६५ × ता × वे^०.१६

यात ता म्हणजे हवेचं तापमान, वे म्हणजे वाऱ्याचा वेग. सूत्र जसंच्या तसं उतरवलं आहे, घातासाठी ** वापरलं आहे. अडचणी तीन:

१. ता −१०, वे ८.३३ या ओळीला उत्तर −१४.६ येतं. सरावासोबतच्या उत्तरांत −१९.५ आहे.
२. ता −१०, वे ० असेल तर उत्तर +६.९ येतं.
३. पुढे एका ओळीवर राउंड करताना एरर येतो आणि त्यात 'कॉम्प्लेक्स' असा शब्द दिसतो. त्या ओळीत वेग −९९ आहे.

सूत्रातच चूक आहे का?

वातचक्र

सूत्र बरोबर आहे. ते ज्या अटींवर उभं आहे, त्या तुमच्या कोडमध्ये अजून आलेल्या नाहीत.

पहिली अडचण एककाची. या सूत्रात वेग किलोमीटर प्रति तास हवा. ८.३३ ला ३.६ ने गुणलं तर ३० होतात, म्हणजे तुमच्या फाइलमधला वेग मीटर प्रति सेकंद दिसतो. तरी अंदाजावर थांबू नका, फाइलसोबतची माहिती-फाइल उघडून एकक तिथे पाहा. मी/से असेल तर × ३.६, नॉट असेल तर × १.८५२, मैल प्रति तास असेल तर × १.६०९. ही चूक घातक आहे ती एवढ्यासाठी की उत्तर हास्यास्पद येत नाही. −१४.६ हेही पटण्यासारखंच वाटतं, म्हणून ती शेवटपर्यंत लपून राहते.

आता हाताने पडताळून घ्या. वे = ३० असताना वे^०.१६ = १.७२३२.

१३.१२ + ०.६२१५ × (−१०) = ६.९०५
११.३७ × १.७२३२ = १९.५९३
०.३९६५ × (−१०) × १.७२३२ = −६.८३३
६.९०५ − १९.५९३ − ६.८३३ = −१९.५२

दुसऱ्या अडचणीचं उत्तरही याच आकडेमोडीत आहे. वारा शून्य झाला की वे^०.१६ शून्य होतं, वाऱ्याची दोन्ही पदं गळून पडतात आणि मागे उरतात ते पहिल्या ओळीतले ६.९०५. स्थिर हवेसाठी हे सूत्र बनलेलंच नाही. वेग ४.८ किमी/तास (१.३३ मी/से) पेक्षा जास्त आणि तापमान १०°से किंवा त्याखाली, एवढ्याच पट्ट्यात ते वापरायचं. वरच्या बाजूलाही ते असंच बिघडतं: ता ३०, वे ३० टाकलंत तर ३२.७ येतं, म्हणजे वाऱ्याने उकाडा वाढवला! मर्यादेबाहेर सूत्र थांबत नाही, आकडा देतच राहतं. अडवायचं काम तुमच्या 'जर'चं.

४.८ हा आकडा कुठून आला तेही सांगतो, कारण तो मनमानी वाटतो. अमेरिका आणि कॅनडाने २००१ साली हे सूत्र स्वीकारलं, तेव्हा माणूस ताशी ४.८ किमी वेगाने चालतो आहे असं धरलं होतं. चालणाऱ्याच्या चेहऱ्याला तेवढा वारा लागणारच, म्हणून तुलनेचा पायाही तोच.

अर्धविराम

तिसऱ्या अडचणीबद्दल. −९९ हा वेग नव्हे, 'नोंद नाही' याची ती खूण आहे. ऋण संख्येला ०.१६ असा अपूर्णांकी घात दिला की पायथन ३ एरर न देता कॉम्प्लेक्स (संमिश्र) संख्या तयार करतं, आणि राउंडला ती चालत नाही. म्हणून एरर राउंडच्या ओळीवर दिसतो, मूळ चूक मात्र दोन ओळी वर असते. सी भाषेत हेच 'पॉव' फंक्शनने केलंत तर नॅन ('ही संख्या नाही' असं मूल्य) मिळतं आणि प्रोग्रॅम मुकाट्याने पुढे जातो.

तुम्हाला एरर आला हे खरं तर बरं झालं. नोंद नसल्याची खूण काही फाइलींत ९९९.९ असते, आणि ती धन असल्यामुळे कुठेच अडत नाही. ९९९.९ मी/से चे किमी/तास करून ता −१० सोबत सूत्रात टाका: −४९.९ येतं. महिन्यातलं सर्वांत कमी विंड चिल शोधणारा प्रोग्रॅम हाच आकडा उचलून पहिल्या क्रमांकावर ठेवेल.

त्यामुळे क्रम महत्त्वाचा आहे. आधी खूण तपासायची, मग एकक बदलायचं. उलट केलंत तर ९९९.९ चे ३५९९.६४ होतात आणि तुमची 'बरोबर ९९९.९ आहे का' ही तपासणी कधीच खरी ठरत नाही. फंक्शनचा सांगाडा असा ठेवा:

विंड_चिल (ता, वेग_मीसे)
– ता किंवा वेग यांपैकी एक जरी 'नोंद नाही' असेल: रिकामं परत द्या
– वे = वेग_मीसे × ३.६
– वे ऋण असेल: रिकामं परत द्या
– ता १० पेक्षा जास्त असेल: रिकामं परत द्या
– वे ४.८ किंवा कमी असेल: ता परत द्या
– घ = वे ** ०.१६
– १३.१२ + ०.६२१५ × ता − ११.३७ × घ + ०.३९६५ × ता × घ परत द्या

घ एकदाच काढून दोन्हीकडे वापरला आहे. वेगासाठी नव्हे, चूक टाळण्यासाठी: दोनदा लिहिताना एकीकडे ०.१६ आणि दुसरीकडे ०.६१ हमखास होतं. राउंड फंक्शनच्या आत करू नका, छापताना करा. आणि छापताना 'इंट' वापरू नका. ते शून्याकडे तोडतं, म्हणून −१९.५२ चे −१९ होतात, हवेत −२०.

फाइल वाचतानाचं एक: सीएसव्हीतून येतं ते सगळं मजकूर असतं, तेव्हा 'फ्लोट' (दशांश संख्येत रूपांतर) करावंच लागतं. काही तक्त्यांत उणे चिन्ह कीबोर्डवरचं नसून छपाईतलं लांब उणे असतं. डोळ्यांना फरक कळत नाही, पण फ्लोट ते नाकारतं. रूपांतराआधी ते चिन्ह साध्या उणेने बदलून घ्या.

घातांक

हाच सराव कुणी सी किंवा जावात करत असेल तर दोन खुणा लक्षात ठेवा.

ता −१० ला वारा काहीही असला तरी उत्तर −८.४३ येत असेल, तर घात ०.१६ ऐवजी शून्य झाला आहे. १६/१०० असं पूर्णांकांत लिहिलं की भागाकार शून्य होतो, वे चा शून्यावा घात १ होतो आणि वाऱ्याचा परिणामच नाहीसा होतो. फॅरनहाइटचं सेल्सिअस करताना ५/९ लिहिणं ही याचीच जुळी चूक.

दुसरी खूण कॅरेट चिन्ह (^). स्प्रेडशीटमध्ये ते घात असतं. सी, जावा आणि पायथनमध्ये ते बिटांवरची क्रिया आहे. दशांश संख्यांवर ते चालतच नाही, त्यामुळे एरर लगेच मिळतो.

पडताळणीसाठी हे आकडे फंक्शनमध्ये घालून बघा (वेग किमी/तास आहे; वरचं फंक्शन मी/से घेतं, म्हणून घालताना वेग ३.६ ने भागा):

ता ५, वे १० → २.७
ता ०, वे २० → −५.२
ता −१०, वे ३० → −१९.५
ता −२०, वे ४० → −३४.१
ता ३०, वे ३० → रिकामं

ता शून्याची ओळ मुद्दाम आहे. तिथे ता असलेली दोन्ही पदं शून्य होतात, म्हणजे चूक असलीच तर १३.१२, ११.३७ किंवा घातात आहे हे लगेच कळतं.

फॅरनहाइट आणि मैलांचं सूत्र वेगळं आहे: ३५.७४ + ०.६२१५ × ता − ३५.७५ × वे^०.१६ + ०.४२७५ × ता × वे^०.१६. दोन सूत्रांतले स्थिरांक मिसळू नका. १४°फॅ आणि १८.६४ मैल/तास घातलं तर −३.१°फॅ येतं, म्हणजे तेच −१९.५°से. दोन्ही सूत्रं लिहून एकमेकांशी ताडून पाहणं हा फार चांगला सराव आहे.

आणि नेटवर कुठे −१९.५ ऐवजी सुमारे −२७ दिसलं, तर ते जुनं सूत्र. त्यात ३३ आणि वेगाचं वर्गमूळ असतं. सिपल आणि पॅसेल या संशोधकांनी अंटार्क्टिकावर प्लॅस्टिकच्या नळकांड्यातलं पाणी किती वेळात गोठतं ते मोजलं आणि १९४५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ते सूत्र त्यातून आलेलं. चेहऱ्यावर होणारा परिणाम त्यात फुगून दिसे. २००१ च्या सूत्रासाठी वाऱ्याच्या बोगद्यात स्वयंसेवकांच्या चेहऱ्यांवर मोजमाप केलं गेलं.

नवाकोडर

माहिती-फाइलीत मी/से च निघालं. पाचही आकडे जुळले, −९९ ची ओळही रिकामी येते. सर्वांचे आभार. आता दोन शंका. दिवसाचं सरासरी विंड चिल हवं असेल तर दिवसाचं सरासरी तापमान आणि सरासरी वारा घेऊन एकदाच सूत्र लावलं तर चालेल का? आणि आलेखात उडी दिसते: ता −१० ला वारा ४.८ पर्यंत −१० च राहतं आणि जरा पुढे गेलं की एकदम −१२.८. हे बरोबर आहे?

वातचक्र

सरासरीवर सूत्र लावू नका. दर तासाचं विंड चिल काढा आणि त्यांची सरासरी घ्या. वे^०.१६ ही रेषा सरळ नाही: सुरुवातीच्या थोड्या वाऱ्याने गारठा झपाट्याने वाढतो, पुढे तेवढाच वारा वाढूनही कमी फरक पडतो. ता −१० ला एका तासात १० आणि दुसऱ्यात ५० किमी वारा असेल तर −१५.३ आणि −२१.८ येतात, सरासरी −१८.५. वाऱ्याची सरासरी ३० धरून मात्र −१९.५ येतं. एक पूर्ण अंशाचा फरक. रिकाम्या ओळी बेरजेतून वगळाल तशा भाजकातूनही वगळा. २४ ने डोळे झाकून भागू नका.

उडी ही सूत्राच्या मर्यादेची आहे, कोडची नाही. सरावात ४.८ ची अट दिली असेल तर ती तशीच ठेवा, नाहीतर उत्तरं जुळणार नाहीत. आलेख गुळगुळीत हवा असेल तर कॅनडाची हवामान सेवा ५ किमी/तासाखाली हे वापरते:

विंड चिल = ता + ((−१.५९ + ०.१३४५ × ता) ÷ ५) × वे

वे शून्य केलंत तर ता च मिळतं. वे ५ केलंत तर ता −१० ला −१२.९ येतं आणि मुख्य सूत्रही ५ ला −१२.९ च देतं. म्हणजे दोन टोकं जोडणारी ही सरळ रेषा आहे. ३ किमी वाऱ्याला −११.८. हे घेतलंत तर सीमा ४.८ ची ५ करा, नाहीतर ४.८ ते ५ मधल्या नोंदी भलत्याच शाखेत जातील.

अर्धविराम

एक भर. सूत्रातला वेग १० मीटर उंचीवरचा धरला आहे, हवामान केंद्रं सहसा त्याच उंचीवर मोजतात. चेहऱ्याच्या उंचीला वारा कमी असतो, ती घट स्थिरांकांत आधीच धरलेली आहे. तुम्ही पुन्हा कमी करू नका. नोंदी हातात धरायच्या वातमापकाच्या असतील तर उलट करायचं: वेग १.५ ने गुणून मगच सूत्रात घालायचा.

निकालाच्या कॉलमला 'तापमान' असं नावही देऊ नका, 'विंड_चिल' ठेवा. ता २ आणि वे ४० ला उत्तर −४.७ येतं, पण त्या वाऱ्यात ठेवलेलं पाणी त्यामुळे गोठत नाही. वाऱ्याने वस्तू लवकर थंड होते, हवेच्या तापमानाखाली जात नाही. पुढच्या सरावात कुणी तो कॉलम वाचून 'शून्याखालचे तास' मोजायला घेतले तर ओळी चुकीच्या मोजल्या जातील.