जमिनीवर पडलेलं उचलून खाता का? अनुभव लिहा

काल लेकीच्या हातून कलिंगडाची फोड निसटली. मी "अगं, टाक ती" म्हणेपर्यंत तिने ती तोंडात घातलीही, वर "पाच सेकंद कुठे झाले?" (पाच सेकंदांच्या आत उचललं तर खायला चालतं, असं तिचं म्हणणं.) फरशीवर गुलाबी ओला डाग तेवढा राहिला. रात्रभर रुखरुख लागली. तुम्ही काय करता? ऐकीव नको, स्वतःच्या घरातलं लिहा.

*

बिस्किट पडलं तर फुंकर मारून खातो. ओलं काही पडलं तर टाकतो. तीनही मुलं अशीच वाढली.

*

फुंकरीने धूळ उडते हो, जंतू तिथेच राहतात. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. दरवर्षी वर्गातल्या फरशीवर, अगदी नुकत्याच पुसलेल्या, कापसाचा बोळा फिरवून तो पोषक आगरावर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, टेकवते. दुसऱ्या दिवशी बशीत पिवळसर ठिपके उगवलेले पाहून मुलं गप्प होतात.

सेकंद मोजण्यात फारसा अर्थ नाही. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाने 2016 साली कलिंगड, पाव, लोणी लावलेला पाव आणि जेलीच्या गोळ्या स्टील, फरशी, लाकूड आणि गालिच्यावर टाकून पाहिल्या. वेळ जास्त तसे जंतू जास्त, हे खरं. पण काही वेळा एका सेकंदाच्या आतही ते चिकटले होते. सगळ्यात जास्त कलिंगडाला, कारण ओलावा. गालिच्यावरून मात्र कमी आले, याचं मलाही नवल वाटलं होतं. अन्नातून विषबाधा करणारा साल्मोनेला हा जंतू तर कोरड्या फरशीवर आठवडेच्या आठवडे तग धरतो. बहुतेक वेळा काही होत नाही, कारण प्रत्येक फरशीवर रोगजंतू नसतात. पण असले तर ते डोळ्यांना दिसत नाहीत. ताई, ती फोड मी टाकली असती.

*

घरात रांगतं बाळ आणि कुत्रा. स्वयंपाकघरात पडलेलं सरळ कचऱ्यात, विशेषतः कच्चं चिकन कापलं असेल त्या दिवशी.

*

खाणारा कोण, हेही बघा. आईची केमोथेरपी चालू होती, जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली आलेल्या. थरथरत्या हातातून टोस्ट पडला. ती वाकून उचलायला लागली, मी घाईने काढून घेतला. आयुष्यभर अन्न वाया न घालवलेली बाई. तिचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवसापासून तिच्या बशीत एक टोस्ट जास्तीचा ठेवू लागलो.