हाताला लागलं ते नेमकं कशाने?

मी कॅज्युअल्टीत नर्स आहे. हाताला फडकं गुंडाळून कुणी आलंच नाही, अशी ड्युटी आठवत नाही. यंत्रात हात गेलेले येतात, पण दार, सुरी, फुटलेली काच आणि पडताना टेकलेला तळवा यांचीच गर्दी जास्त. तुमचं कशाने झालं ते लिहा. फोटो नकोत, ते रोज बघते.

वाकडं_बोट
चादर गादीखाली खोचताना मधल्या बोटाचं टोक वाकलं ते सरळच होईना. दुखत फारसं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, मॅलेट फिंगर. टोक सरळ करणारा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, तुटलाय. दीड-दोन महिने स्प्लिंट, म्हणजे बोट सरळ धरणारी पट्टी, तीही अखंड. बोट धुताना टेबलावर सरळ टेकवून ठेवायचं; एकदा वाकलं की मोजणी पहिल्यापासून. चादरीने झालं म्हटलं की लोक हसतात, म्हणून हल्ली चेंडू लागला असं सांगतो.

लेथवाला
यंत्राच्या फिरत्या भागाजवळ हातमोजे घालायचे नसतात, हे बाहेरच्यांना पटत नाही. आमच्यातल्या एकाचा मोजा ड्रिलमध्ये गुंतला. मोजा फाटला नाही, बोटं ओढली गेली. अंगठीचंही तेच.

मनीमाऊ
लेकीचं बोट दारात. बिजागरीच्या बाजूला. नख गेलं, आलं परत.

सहजच
ग्लास धुताना हातात फुटला. जखम अर्धा इंचसुद्धा नव्हती, दोन टाक्यांत काम झालं असतं. पण डॉक्टरीणबाईंनी एकेक बोट वेगळं वाकवायला लावलं आणि अनामिकेचं टोक हलेना. तेव्हा कळलं की बोटांत ताकदीचे स्नायू नसतातच. ते कोपराखाली असतात, तिथून दोऱ्या बोटांपर्यंत येतात. दोरी तुटली की आत आखडते, मग ती शोधायला जखम मोठी करावी लागते. ऑपरेशनपेक्षा नंतरचे व्यायाम जास्त छळतात.

पायवाट
घसरून तळव्यावर पडले. एक्स-रे स्वच्छ. अंगठ्याच्या मुळाशी मनगटात खळगा असतो ना, तिथे दाबलं की मात्र कळ. दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढला, तेव्हा स्कॅफॉइडचं, म्हणजे तिथल्याच मनगटातल्या छोट्या हाडाचं, फ्रॅक्चर दिसलं.

लेथवाला
नर्सताई, तुटलेलं बोट बर्फात घालूनच आणायचं ना?

धागाकर्ती
थेट बर्फात नको, पेशी गोठतात. स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. आणि हाताला काहीही लागलं तरी सूज यायच्या आत अंगठ्या काढा. आमच्याकडचा रिंग कटर कधीच जागेवर नसतो.