दिवाळी अंकातली कथा ऑडिओवाल्यांना द्यायचीय, हक्क नक्की कुणाचे?

शाईचा_डाग:
नमस्कार मंडळी, सात वर्षं फ्रीलान्स लिहितेय, पोटासाठी जाहिरातीची कॉपी आणि भाषांतरं, उरलेल्या वेळात कथा. २०२२ मध्ये एका दिवाळी अंकात (नाव नको) कथा आली. मे महिन्यात पाठवलेली, "घेतोय" असा एका शब्दाचा व्हॉट्सॅप, बाकी कागदबिगद काहीच नाही. मानधन आजतागायत नाही, अंकाची एक प्रत आली तीपण पोस्टात मुडपून, आणि फॉन्ट कन्व्हर्ट करताना रफार उडाले ते वेगळंच, माझा 'सूर्य' सगळीकडे 'सूय' होऊन उगवलाय. आता एक ऑडिओ कंपनी म्हणतेय सहा भागांची मालिका करू. संपादकांना सहज सांगितलं तर ते म्हणे कथा आधी आमच्याकडे आली, हक्क आमचे. खरंय का हे? आणि भागांचे संवाद मी नि एका मित्राने मिळून लिहिलेत, त्याचं काय करायचं?

बोरूबहाद्दर:
ताई, बिनधास्त रहा. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ वाचा, हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी पाहिजेत आणि खाली तुमची सही पाहिजे. "घेतोय" ही फार तर एकदा छापायची परवानगी. पगारी नोकरीत लिहिलं असतं तर गोष्ट वेगळी, तुम्ही कुठे नोकरीला होतात त्यांच्याकडे? १९०९ ला 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, "मानधन यथावकाश" हे तेव्हापासूनच चालू असावं 😀

खडूफळा:
संपादकांचं सोडा हो, खरी गोम ऑडिओवाल्यांच्या करारात असते. मुदत लिहिली नसेल तर कायद्याने ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, हे त्यांच्या वकिलाला पाठ असतं म्हणून ते "सर्व माध्यमे, संपूर्ण जग, कायमस्वरूपी" असं लिहून आणतात. मी एकदा १२ पानांचा करार मोबाईलवर स्क्रोल करून सही ठोकली, पुढे माझ्याच कथासंग्रहातून माझीच कथा काढावी लागली, प्रकाशकासमोर काय तोंड झालं असेल बघा. फक्त ऑडिओ, फक्त मराठी, ५ वर्षं, एवढंच द्या. सिनेमा-वेबसिरीज स्वतःकडे ठेवा. आणि त्यांना अंकाचा स्कॅन नका पाठवू, तुमची मूळ युनिकोड फाईल पाठवा, नाहीतर निवेदक 'सूय'च वाचेल.

पाटीपेन्सिल:
मित्राबद्दल. कुणी काय लिहिलं ते वेगळं काढता येत नसेल तर ती दोघांची संयुक्त कृती, मग करारावर दोघांच्याही सह्या घ्या, तुमच्या एकटीची सही पुरायची नाही. मूळ कथा तुमच्या एकटीचीच. श्रेयनामावलीत 'कथा' आणि 'संवाद' वेगळं लिहून घ्या. हक्क विकले तरी आपलं नाव लावून मागायचा अधिकार राहतो, कलम ५७. आणि पैशाची वाटणी आत्ताच ठरवा, मालिका चालायला लागली की मित्राला आठवतं की सगळ्या कोपरखळ्या त्याच्याच होत्या.

शाईचा_डाग:
थँक्यू सगळ्यांना! मित्राला फोन केला. म्हणतो नाव दिलं नाहीस तरी चालेल, चाळीस टक्के दे. मी म्हटलं नाव पण घे आणि तीस घे. ईमेलवर टाक म्हटलंय, अजून आलेला नाही.