तटबंदीच्या फटीत पंख्यासारखं पान, हे काय आहे?

रानवाट: किल्ल्याच्या तटाच्या सावलीकडच्या बाजूला, दगडांच्या फटीत वीतभरही नसलेली रोपं दिसली, पान अगदी छोट्या ताडासारखं, फूल कुठेच नाही. ताडाचं रोप असेल का?

हिरवळ_नाशिक: नाही हो, हा नेचा आहे. मयूरशिखा, शास्त्रीय नाव अ‍ॅक्टिनिऑप्टेरिस रेडिएटा. पान उलटं करून बघा, पट्ट्यांच्या कडा आत दुमडलेल्या असतात आणि त्याखाली बीजाणू, म्हणून फूल दिसणारच नाही. खडकाच्या भेगा, जुन्या भिंतींचा चुना ही त्याची आवडती जागा, आणि आफ्रिका, अरबस्तानापासून आपल्याकडे आणि श्रीलंकेपर्यंत सापडतो.

रानवाट: भारीच! पण उन्हाळ्यात मरत असेल ना?

कातळफूल: मरत नाही, हीच तर खरी कमाल! पानं वाळून आक्रसतात, मेल्यासारखी दिसतात आणि पाऊस पडला की त्याच पानांत परत हिरवा जीव येतो. बाकी नेच्यांसारखंच यालाही फलनासाठी पाण्याचा पातळ थर लागतो म्हणून फटीतला ओलावा महत्त्वाचा. आणि प्लीज, किल्ल्याची साफसफाई करताना हे खरवडू नका, वड-पिंपळासारखी भिंत फोडणारी मुळं नाहीत याची. औषधी म्हणून उपटून नेणारेही असतात, फोटो काढा आणि राहू द्या तिथेच.